दूरपल्ल्याच्या सायकलस्वाराचा एक दिवस : अतिव्यायाम आणि रथक्षोभ

पुणे-बेंगळुरू महामार्गावर हेमंत व शिशिर ऋतूंत मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस पिशव्या लावलेल्या सायकली दक्षिणेकडे जाताना अलीकडे वारंवार दिसतात. कोणी मुंबईहून कन्याकुमारीस निघालेला असतो, कोणी पुण्याहून गोव्यास. एके काळी सायकल हे दूधवाल्याचे, पोस्टमनचे आणि शाळकरी मुलांचे वाहन होते. आज तिच्यावर बँकेतील अधिकारी, अभियंते, निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि डॉक्टरही आढळतात. सातारा, कराड, सांगली येथे मुक्काम करणारे हे प्रवासी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात येतात. त्यांचे मागणे बहुधा दोन प्रकारचे असते. "ताकदीचे काहीतरी द्या" हे पहिले आणि "गुडघ्याला तेल द्या" हे दुसरे. आपणही बरेचदा पहिल्यास एखादा अवलेह, दुसऱ्यास तेल व गुग्गुळाचा कल्प देऊन मोकळे होतो. रुग्ण दुसऱ्या दिवशी पुढच्या जिल्ह्यात गेलेला असल्याने उपशय झाला की अनुपशय, हे आपणांस कळत नाही. म्हणूनच या रुग्णांविषयी निदानापासून विचार होणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात अशा प्रवासातील एकच दिवस विचारार्थ घेतला आहे : सातारा ते सांगली. महामार्गाने कराड, कासेगाव, पेठ नाका आणि तेथून आष्ट्यामार्गे सांगली असे हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते. घाट नाही, उतार-चढ बेताचे आहेत आणि एकंदरीत सांगली साताऱ्याहून खाली आहे. आदल्या दिवशी खंबाटकीचा घाट चढून आलेल्या स्वारास हा दिवस सोपा वाटतो. माझ्या अनुभवात तक्रारी सुरू होतात त्या याच सोप्या दिवशी.

हे किती करता येते?

काही वैद्यबंधू या प्रकाराकडे 'साहस' म्हणून पाहतात व "हे करूच नका" असा सल्ला देतात. हा सल्ला कोणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. शास्त्रदृष्ट्याही तो सरसकट देता येत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने ९ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पार पाडली. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. भागाकार केल्यास दररोजची सरासरी १८० किलोमीटरांच्या पुढे जाते, आणि तीही पाच महिन्यांहून अधिक काळ.

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले आहे, त्याचे कारण येथे स्पष्ट होते. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा वाग्भट व सुश्रुत यांचा दंडक आपण सर्वजण जाणतो. परंतु अर्धशक्ती हे किलोमीटरांत मोजावयाचे माप नव्हे. रोज १८० किलोमीटर हे अंतर एखाद्या सुसिद्ध शरीराच्या अर्धशक्तीत बसू शकते आणि वर्षभर खुर्चीत बसलेल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थास साताऱ्याहून उंब्रजपर्यंत जाणेही अतिव्यायाम ठरू शकते. याहून महत्त्वाची बाब अशी की, दूरपल्ल्याच्या प्रवासात अर्धशक्ती एका दिवसाची मोजून चालत नाही. उद्याही तितकेच जावयाचे आहे, परवाही जावयाचे आहे. आज संध्याकाळी जो बलाचा अर्धा हिस्सा शिल्लक राहील त्यावरच उद्याची सकाळ उभी राहणार.

निदान कोणते?

सायकल चालविणे हा व्यायाम आहे की यान? पाय सतत चालत असतात म्हणून आपण त्यास व्यायाम म्हणतो, व ते खरेच आहे. पण त्याच वेळी कटीपासून वरचे शरीर एका अरुंद आसनावर तासन्‌तास स्थिर बसलेले असते आणि रस्त्याचा प्रत्येक हिसका हात, मान व पाठ यांना सोसावा लागतो. म्हणजे एकाच शरीरात खालच्या भागी एक हेतू व वरच्या भागी दुसरा हेतू एकाच वेळी कार्य करीत असतो.

या दृष्टीने चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बारावा अध्याय पुन्हा उघडून पाहावा अशी माझी वाचकांस विनंती आहे. तेथे अष्टमहादोषकर भावांत अतिचंक्रमण, रथक्षोभ आणि अत्यासन हे तीन भाव स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. रथक्षोभामुळे होणाऱ्या लक्षणांत संधिशैथिल्य, आध्मान व आंत्रकूजन, स्फिक्-वंक्षण-वृषण-कटी-पृष्ठ येथील वेदना, स्कंध व ग्रीवेचे दौर्बल्य, पायांवर सूज, प्रस्वाप म्हणजे बधिरता आणि हर्ष म्हणजे झिणझिण्या यांचा उल्लेख येतो. अतिचंक्रमणात जंघा, ऊरू, जानू यांचे शूल व पिंडिकोद्वेष्टन म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे सांगितले आहे. अत्यासनात रथक्षोभासारख्याच स्फिक्-कटी-वृषणादी वेदना. सायकल ज्या काळी अस्तित्वात नव्हती त्या काळातील ही यादी दूरपल्ल्याच्या सायकलस्वारासमोर वाचून दाखविली, तर तो "हे माझेच वर्णन आहे" असे म्हणतो. मी हा प्रयोग अनेकांवर केला आहे.

एक मर्यादा येथेच नमूद करणे योग्य होईल. हे आठ भाव मूलतः शोधनानंतर कृश व दुर्बल झालेल्या व्यक्तीसाठी वर्ज्य म्हणून सांगितले आहेत. निरोगी, बलवान शरीरास ते त्याच प्रमाणात बाधतील असे नाही. मात्र चार-पाच दिवस सलग प्रवास करून अग्नी व निद्रा बिघडलेला स्वार शोधनानंतरच्या रुग्णाच्या बराच जवळ आलेला असतो. पहिल्या दिवशी ज्या रस्त्याने काही झाले नाही, त्याच प्रतीच्या रस्त्याने पाचव्या दिवशी हात बधिर होतात, ते यामुळेच.

तेव्हा चिकित्सेपूर्वी प्रश्न असा विचारावा : या रुग्णाची तक्रार श्रमाची आहे की क्षोभाची? श्रमाची असेल तर बृंहण, तर्पण व निद्रा. क्षोभाची असेल तर स्नेहन, स्थानिक स्वेदन आणि सर्वांत आधी निदानपरिवर्जन. क्षोभाच्या रुग्णास लेह चाटविला तर त्याचे हात बधिरच राहतात. श्रमाच्या रुग्णास नुसते तेल चोळले तर तो तात्पुरता सुखावतो व दुसऱ्या दिवशी कराडच्या पुढे जाऊ शकत नाही.

सकाळ : सातारा ते कराड

निघण्याची वेळ सूर्योदयाच्या सुमारास असावी, त्यापूर्वी नको. ऊसतोडणीच्या हंगामात उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात या रस्त्यावर असतात. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचे फळ मलमूत्रविसर्जन, कोष्ण जलपान व थोडे लघु-स्निग्ध भोजन यांसाठी घ्यावे. तूप घातलेली मुगाची खिचडी किंवा पेज उत्तम. आदल्या रात्री जड जेवण होऊन अजीर्ण असेल तर त्या दिवशी निघणे पुढे ढकलावे. अजीर्णी व्यक्तीस व्यायाम निषिद्धच आहे.

अभ्यंग सकाळी करावा की रात्री, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या प्रवाशांपुरते माझे मत रात्रीच्या बाजूने आहे. सकाळी कटी, जानू व पोटऱ्यांस अल्प तीळतेल पुरे. तळहातांस तेल लावू नये, हँडलची व ब्रेकची पकड सुटते. ही गोष्ट ग्रंथांत सापडणार नाही, पण सांगावयास हवी.

साताऱ्याहून नागठाणे, अतीत, उंब्रज या टापूत शरीर ताजे असते, हवा थंड असते आणि स्वार हमखास वेगाने जातो. अर्धशक्तीची लक्षणे येथे उपयोगी पडतात. कपाळ, नाक व काखा यांवर घाम येणे, मुखशोष होणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे ही ती लक्षणे होत. सपाट रस्त्यावर तोंड उघडून श्वास घ्यावा लागत असेल, सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर मर्यादा ओलांडली गेली असे समजून गिअर हलका करावा. चढावर ही मर्यादा काही मिनिटे ओलांडली जाणारच. तेव्हा माथ्यावर पोहोचताच धाडकन थांबून वाकून बसू नये व श्वास दाबूनही धरू नये. श्रमश्वास हा अधारणीय वेगांपैकी एक आहे. दोन-चार मिनिटे अगदी सावकाश पायडल मारीत श्वास आपोआप खाली येऊ द्यावा.

वेगांचा विषय निघालाच आहे, तर मूत्रवेगाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. महामार्गावर स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह मिळणे आजही कठीण आहे. परिणामी अनेक स्त्री-स्वार मूत्रवेग धरून ठेवतात. इतकेच नव्हे, तर वेग येऊ नये म्हणून पाणीच कमी पितात. दोन दिवसांनी मूत्रदाह व मूत्रकृच्छ्र घेऊन त्या आपल्याकडे येतात. त्यांना नुसते चंदनासव किंवा गोक्षुराचा कल्प देऊन भागत नाही. कराड बसस्थानक परिसर, पेठ नाका, पेट्रोलपंप, ओळखीचे दवाखाने अशी थांब्यांची यादी त्यांना आधी करावयास सांगावी आणि थांब्यानुसार पाणी पिण्यास सांगावे. महामार्गालगत ज्यांचे चिकित्सालय वा औषधालय आहे, त्यांनी आपले प्रसाधनगृह अशा प्रवाशांस वापरू दिले, तर ती चिकित्साच ठरेल. ज्वर, कंप, कटीशूल ही लक्षणे सोबत असतील तर मूत्रपरीक्षा त्याच दिवशी करून घ्यावी.

मध्यान्ह : कराड ते पेठ नाका

कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सावली आहे. दहाच्या सुमारास तेथे अर्धा तास विसावा घ्यावा. यापुढचा पट्टा पित्तकालात येतो. चरकाचार्यांनी अग्निविरहित स्वेदाचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत व्यायाम, आतप व क्षुधा हे तीन आहेत. मलकापूरहून कासेगावकडे निघालेल्या स्वाराच्या शरीरावर हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. त्यास स्वेदन दिलेच आहे असे धरून चालावे. अतिस्वेदाची लक्षणे म्हणजे पित्तप्रकोप, मूर्च्छा, अंगसाद, तृष्णा, दाह, स्वरदौर्बल्य. ती दिसू लागल्यास ग्रीष्मऋतुचर्येप्रमाणे मधुर, स्निग्ध, शीत उपचार करावेत असा आदेश आहे.

पाण्याविषयी दोन टोकांची मते प्रवाशांत प्रचलित आहेत. एक गट पाणी पीतच नाही. दुसरा गट दर दहा मिनिटांस साधे पाणी पीत राहतो. दुसरा गट स्वतःस सुरक्षित समजतो, ते बरोबर नाही. घामावाटे लवण जात असताना केवळ साधे पाणी भरमसाट प्याल्यास रक्तातील सोडियम घसरते. शिरःशूल, हृल्लास, हातापायांवर सूज, पुढे संभ्रम व आक्षेप असा क्रम लागतो. ही अवस्था निर्जलतेसारखीच दिसते आणि कोणी आणखी पाणी पाजले तर प्राणावर बेतते. तहानेनुसार, घोटाघोटाने, लवण व शर्करायुक्त द्रव घ्यावे, ही मध्यम दिशा होय. बाटलीभर पाणी पिऊनही वजन वाढले असेल किंवा अंगठी घट्ट झाली असेल, तर पाणी थांबवावे.

येथे आपल्या जिल्ह्याचे वैभव उपयोगास येते. चरकाचार्यांच्या श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये अशी : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. यांपैकी द्राक्षा तासगाव, मिरज व कवठेमहांकाळच्या मळ्यांत पिकते, दाडिम आटपाडी-जत भागात आणि इक्षू तर कृष्णाकाठी पावलोपावली. परदेशी बनावटीची महाग चूर्णे पाण्यात विरघळवून पिणाऱ्या स्वारास तासगावच्या बाजारपेठेतून आलेल्या बेदाण्याची आठवण करून देणे हे आपलेच काम आहे.

मी वापरीत असलेला पाठ साधा आहे. १०० ग्रॅम बेदाणा स्वच्छ धुऊन १ लिटर पाण्यात रात्री भिजत घालावा, सकाळी कुस्करून गाळून घ्यावा, पाव चमचा सैंधव व चवीपुरता डाळिंबाचा रस घालावा. यात शर्करेचे प्रमाण सुमारे ६ ते ८ टक्के येते आणि दीर्घ श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत या आधुनिक मताशी ते जुळते. दोन सूचना मात्र आवश्यक. द्राक्षा अनुलोमन करणारी असल्याने मृदुकोष्ठी व्यक्तीस प्रमाण निम्मे ठेवून डाळिंब वाढवावे. तसेच हे पानक दुपारपर्यंत संपवावे. उन्हात तापलेल्या बाटलीत ते आंबू लागते, आणि आसवारिष्टांची निर्मिती करणाऱ्या आपल्या बंधूंना पुढे काय होते ते सांगावयास नको.

उसाच्या रसाविषयीही शास्त्रात सूक्ष्म भेद आहे. दातांनी चावून खाल्लेला ऊस व यंत्राने काढलेला रस यांत यांत्रिक रस विदाही सांगितला आहे. रस्त्याकडेच्या रसवंतीतील बर्फ घातलेला रस भर दुपारी दोन-दोन ग्लास पिऊन लगेच सायकलवर बसणाऱ्यांना पोटात आटोप व अम्लोद्गार होतात, हे आपण पाहतोच. एक ग्लास, बर्फाशिवाय, लिंबू व सैंधव घालून, सावकाश प्यावा. मधुमेही स्वार असल्यास, विशेषतः तो इन्सुलिन किंवा तत्सम गोळ्या घेत असल्यास, श्रमामुळे साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. त्याने आपल्या चिकित्सकाशी बोलल्यावाचून असा प्रवास सुरू करू नये.

'अध्यशन' या दोषाचे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. पूर्वीचे अन्न जिरले नसता पुन्हा खाणे निषिद्ध, आणि स्वार तर दर तासाला काही ना काही तोंडात टाकतो. व्यायामाने अग्नी दीप्त झालेल्या, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान तरुणास विरुद्ध अन्नही बाधत नाही, असे वाग्भटाचार्य म्हणतात. त्यावरून लघु द्रव आहार थोडा थोडा घेण्यास आडकाठी नसावी असे मला वाटते. आडकाठी आहे ती धाब्यावर बसून मिसळ, वडे, दही असे गुरू-विदाही भोजन भरपेट करून पुढच्या पाच मिनिटांत पायडल मारण्यास.

साडेबारा ते तीन हा काळ पेठ नाक्यावर सावलीत काढावा. दिवास्वप्न एरवी निषिद्ध, तरी अध्वक्लांत म्हणजे प्रवासाने थकलेल्या व्यक्तीस ते सर्व ऋतूंत विहित आहे. अर्धा तास आडवे व्हावे.

अपराह्ण : पेठ नाका ते सांगली

महामार्ग सोडून आष्ट्याच्या रस्त्यास लागले की अंतर चाळीस किलोमीटरांहून थोडे अधिक उरते. हा रस्ता पूर्वी खड्ड्यांसाठी किती प्रसिद्ध होता ते सांगलीकरांस सांगणे नलगे. रथक्षोभाची लक्षणे प्रकट होतात ती या उत्तरार्धात. त्यांतील तीन लक्षणांचा तपशील देतो.

जानुशूल. गुडघ्याच्या पुढील भागी शूल असेल तर सीट बहुधा खाली असते. मागील भागी, लवणीत, शूल असेल तर सीट बहुधा वर असते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला, सुमारे २५ ते ३५ अंश, राहावा. म्हणून माझा परिपाठ असा की, जानुशूलाच्या सायकलस्वारास "सायकल घेऊन या" असे सांगावयाचे व चिकित्सालयाच्या अंगणात तीवर बसवून पाहावयाचे. कित्येकदा योगराज गुग्गुळापेक्षा दहा नंबरचा पाना अधिक गुणकारी ठरतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो, तिचे इतके रोकडे उदाहरण दुसरे नाही. सूज, उष्णता किंवा गुडघा अडकणे असेल तर मात्र प्रवास थांबवून अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे.

हस्तप्रस्वाप. करंगळी व अनामिका बधिर होणे हे मनगटाच्या आतील बाजूस नाडीवर हँडलचा दाब पडल्याचे लक्षण आहे. दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलणे, हँडलला जाड वेष्टन, सीटचे टोक पुढे झुकलेले असल्यास सरळ करणे, कारण झुकलेल्या सीटमुळे सर्व भार हातांवर येतो, हे उपाय प्रथम करावेत. स्थानिक अभ्यंगास क्षीरबला तेल उत्तम. बधिरता दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतरही राहिली किंवा बोटांची शक्ती कमी झाली, तर पुढे जाण्याचा हट्ट धरू देऊ नये.

स्फिक् व वृषणप्रदेशीच्या तक्रारी. संकोचामुळे रुग्ण या सांगत नाहीत, म्हणून आपण विचारावे. बधिरता असेल तर आसनाची रुंदी व कोन तपासावा आणि दर अर्ध्या तासाने काही क्षण उभे राहून पायडल मारावयास सांगावे. घर्षणाने त्वचा सोलवटली असेल तर शतधौत घृत, व्रण झाला असेल तर जात्यादि घृत. आदल्या दिवशीची ओली चड्डी पुन्हा घालणे हा यातील सर्वांत मोठा हेतू आहे, आणि ती रात्री धुऊन वाळविणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

संध्याकाळ : सांगली

सूर्यास्तापूर्वी सांगली गाठावी. पोहोचल्यावर काय करावे यात मतभेद संभवतो. रथक्षोभाची चिकित्सा स्नेह-स्वेद म्हणून सांगितली आहे खरी. पण हा रुग्ण दिवसभर स्वेदन घेऊनच आला आहे हे विसरता कामा नये. आल्याआल्या नाडीस्वेद वा पेटीस्वेद दिल्यास भोवळ, छर्दी, हृद्द्रव होण्याचा संभव असतो. माझ्या मते क्रम असा असावा : अर्धा तास विसावा व पानक, मूत्राचा वर्ण पाहणे, कोमट जलाने स्नान (शिरावर उष्ण जल नको), मग हलक्या हाताने अधोभागापासून वर मर्दन. कटी वा ग्रीवेस स्थानिक स्वेद द्यावयाचाच तर भोजनापूर्वी, अल्पकाळ. सर्वांगस्वेद विश्रांतीच्या दिवशी. महानारायण तेल कटी-जानूस व पादाभ्यंगास तीळतेल किंवा गोघृत. भोजनात षष्टिकाचा किंवा जुन्या तांदळाचा भात, मुगाचे वरण, तूप. मांसाहारी असल्यास मांसरस. रात्री दूध. खरे बलप्रद औषध आठ तासांची निद्रा हेच आहे, व ते औषधालयात मिळत नाही.

काही लक्षणे आपल्या मर्यादेबाहेरची आहेत. श्रमानंतर काळसर, चहाच्या रंगाचे मूत्र व मांसपेशींत असह्य वेदना, उरःशूल किंवा डाव्या बाहूत शूल, अंग तप्त असून बरळणे, चालताना झोक जाणे, वारंवार छर्दी. यांतील एकही दिसल्यास काढा उकळत बसू नये. उष्माघाताच्या रुग्णाचे अंग तत्काळ पाण्याने गार करीत रुग्णालयात पाठवावे. सांगली-मिरजेत त्यासाठी सुसज्ज रुग्णालये आहेत.

औषधे देताना : स्पर्धक की प्रवासी?

औषधविक्रेत्या बंधूंसाठी व औषध लिहून देणाऱ्या सर्वांसाठी हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण येथे आपल्या एका पुडीने एखाद्या तरुणाचे भवितव्य बिघडू शकते. सांगली परिसरातील अनेक मुले राज्य व राष्ट्रीय पातळीवरील सायकल स्पर्धांत भाग घेतात. दूरपल्ल्याचा प्रवास हा त्यांच्या सरावाचाच भाग असतो. स्पर्धकाच्या शरीरात आलेल्या प्रत्येक द्रव्यास तो स्वतः जबाबदार धरला जातो. "वैद्यांनी दिले" हा बचाव चालत नाही. २०२२ मध्ये भारतात उत्तेजकविरोधी स्वतंत्र कायदाही झाला आहे.

आपल्या नित्य वापरातील काही कल्प या यादीत अडकतात. कुपीलूतील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. म्हणजे पोट फुगले म्हणून दिलेली अग्नितुंडी वटी किंवा कटीशूलासाठी दिलेली विषतिंदुक वटी स्पर्धकास घातक ठरेल. प्रवासातील अतिसारावर जातीफलादि चूर्ण आपण सहज देतो, त्यात विजया आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे. श्वासावरील कल्पांत सोम म्हणजे एफेड्रा असेल तर एफेड्रिनची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. हिजेनामाईन हे सदैव निषिद्ध असलेले द्रव्य वत्सनाभाच्या गणातील काही वनस्पतींत आढळते, म्हणून वत्सनाभयुक्त कल्पही स्पर्धकास देऊ नयेत. अतिसारास कुटज, मुस्ता, दाडिम, आध्मानास हिंग्वाष्टक, कटीशूलास दशमूळ असे निर्दोष पर्याय आपणांकडे भरपूर आहेत.

अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर सावधानतेची सूचना छापणे निर्मात्यांस बंधनकारक आहेच. पण वेष्टन नसलेली पुडी बांधताना ती सूचना पुडीवर येत नाही. तेव्हा सायकलस्वार समोर आला की "स्पर्धेत उतरता काय?" हा एक प्रश्न विचारावा, दिलेल्या कल्पातील सर्व घटकद्रव्ये चिठ्ठीवर लिहून द्यावीत व तिची प्रत आपल्या नोंदवहीत ठेवावी. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटकद्रव्ये न छापलेल्या डब्या औषधालयात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असली तर ती ओळखण्याचे साधन ना विक्रेत्याकडे असते, ना वैद्याकडे.